ग्रेडरसाहेबांचा गेमचा डबा

राजूरकर काकाजी निवृत्त झाले तेव्हा कापूस संकलन केंद्राच्या मंडळींनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. शाल झाली, नारळ झाला, मग घड्याळ. काकाजींनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि खिशातून छोटा पेचकस काढून स्टेजवरच त्याची पाठ उघडली. मोठे साहेब हार घेऊन तसेच उभे. काकाजींनी आतलं यंत्र न्याहाळलं, सेल काढून पाहिला, पुन्हा बसवला, पाठ लावली आणि माईकपाशी येऊन म्हणाले, "चांगलं हाय. आभारी हाय." त्यांचं निवृत्तीचं भाषण एवढंच झालं.

दारव्ह्याच्या केंद्रावर ते ग्रेडर होते. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की माल पाहायचा आणि त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. आता बंडीत वरचा कापूस पांढराशुभ्रच असतो. खाली ओला असतो, किडका असतो, कधी नुसती पाणी मारलेली फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरचा हलका कापूस, असते. काकाजी शर्टाची बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घालायचे, तळातला मूठभर कापूस बाहेर ओढायचे आणि म्हणायचे, "आतून दाखव." पुढे ही सवय हाताला नाही, स्वभावालाच लागली. नवी गादी भरून आली की ते एक कोपरा उसवून पाहतात. मी पुरणपोळी नेऊन दिली तर आधी मधोमध फाडून पुरण तपासतात, मग तोंडात घालतात. मला दरवेळी राग येतो, आणि दर सणाला मी पोळी नेतेच.

पण त्यांना एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दिवसच तसे होते. कापसाची वर्षामागून वर्षं वाईट जात होती, आणि जिल्ह्यात कुणाचाच कुणावर भरवसा उरला नव्हता. बियाण्याचं पाकीट खरं की खोटं, फवारणीचं औषध आहे की रंगीत पाणी, केंद्र उद्या उघडणार की नुसतीच अफवा, सगळ्यांना सगळ्याचा संशय. मोटारीतून माणसं उतरायची, दारोदार प्रश्न विचारायची, आणि ती सरकारची की कंपनीची की टीव्हीवाल्यांची हे ती गेल्यावरही कळायचं नाही. अशा हवेत मीही काही कमी संशयी नव्हते. मी शाळेत शिकवते. वर्गात शांतता असली की आधी कुणाच्या खोड्या चालल्यात ते शोधते. आमचे हे म्हणतात, तू पोलिसात जायला हवी होतीस.

पोलिसाची नेमणूकही झाली. कमलकाकू, म्हणजे राजूरकर काकाजींच्या मिसेस, वारल्या आणि काकाजी घरात एकटे राहिले. त्यांची एकुलती एक लेक संध्या पुण्याला असते. तिने दिवसपाणी झाल्यावर मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "वहिनी, बाबांकडे लक्ष ठेवा. ते माझ्याबरोबर यायला तयार नाहीत. पण जरा काही वेगळं वाटलं तर मला फोन करा. मी घराला कुलूप लावून त्यांना घेऊन जाईन." काकाजींना पुण्याचं नाव काढलेलं चालत नसे. ते म्हणायचे, "फ्लॅटच्या भित्तीत काय भरलं हाय ते कोनाले मालूम? मी नाही जात. मी हितंच मरीन." त्यांनी आपल्या घरात राहायचं की नाही, हे आता माझ्या एका फोनवर होतं. हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या अधिकाराची मला थोडी ऐट होती.

मग तो डबा आला. जावईबापूंनी मुलासाठी परदेशातून व्हिडिओ गेमचा मोठा काळा डबा आणला होता. एका उन्हाळ्यात नातवासोबत तो दारव्ह्याला आला आणि इथल्या विजेच्या लपंडावात बंद पडला. आपल्याला आता नवा मिळणार म्हणून नातू खुशीत तो इथंच टाकून गेला. टाकलेली वस्तू आणि काकाजींच्या खिशातला पेचकस. पुढचं सांगायला नको.

आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. दुसऱ्या दिवशी काकाजी भिंतीपाशी आले ते तावातावानेच.

"सुनंदा, पाह्यलं काय? वरून गेम लिव्हलं, अन् आत पुरा कॉम्प्युटर भरला!"

"मंग चांगलंच हाय नं, काकाजी."

"चांगलं कायचं? कंपनीनं त्याले कुलूप घालून ठेवलं. त्याईच्या सीडीबिगर दुसरं काही चालतच नाही म्हने. डबा आपला, घर आपलं, लाइन आपली, अन् कुलूप त्याईचं? काहून?"

या 'काहून'ने त्यांना झोप लागू दिली नाही. थैलीत डबा घालून ते जीपने यवतमाळला आणि तिथून एसटीने नागपूरला गेले. कुठल्याशा गल्लीत दुरुस्ती करणारा एक माणूस त्यांनी शोधून काढला, आणि त्याने डबा नीटही केला आणि त्याचं कुलूपही काढून दिलं. आता आत नवं काय घालायचं, हा प्रश्न. बसस्टँडजवळ इरफानभाईंचं इंटरनेटचं दुकान आहे. काकाजी तिथे जाऊन बसले आणि चालू कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, "आतून दाखव." इरफानभाईंनी हात जोडले. "चाचाजी, अंदर का कोई नहीं दिखाता. वो कंपनी का राज है." काकाजी उठले. एवढ्या वर्षांत ज्या शेतकऱ्याने तळातला कापूस दाखवला नाही त्याची बंडी त्यांनी घेतली नव्हती. तेव्हा त्यांची समजूत घालायला म्हणून इरफानभाईंनी मासिकाबरोबर फुकट आलेली एक सीडी काढून दिली. "ये ले जाओ. लिनक्स. इसमें सब खुला है."

सगळं खुलं! काकाजींना आयुष्यात पहिल्यांदा मनासारखी बंडी भेटली. त्या सीडीतलं त्या जुन्या डब्यात बसवायला त्यांना पुढचा हिवाळा लागला. नागपूरच्या माणसाला फोन, इरफानभाईंकडे खेटे, आणि भिंतीवरून मला व्याख्यानं.

"सुनंदा, हे जगातल्या लोकाईनं मिळून बनवलं. कोनीबी उघडून पाहावं. पटलं नाही तं बदलावं. अन् दुसऱ्याले द्यावं. लपवाछपवीच नाही."

"तुमी पाह्यलं काय उघडून?"

"पाह्यलं."

"समजलं?"

"नाही. पन लपवलं नाही नं त्याईनं."

मला मात्र हे पटलं नाही. इतकी मेहनत करून बनवायचं आणि फुकट वाटायचं? यात कुणाचा तरी डाव असणार. आमच्याकडे फुकट एवढंच मिळत होतं: कंपन्यांच्या जाहिरातीच्या टोप्या, आणि त्यांच्यामागून खोटं बियाणं कसं आलं ते अख्ख्या जिल्ह्याने पाहिलं.

काकाजींच्या बैठकीची खिडकी आमच्या अंगणातून दिसते. जुन्या टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर पळायची, आणि काकाजी मांडीवर कीबोर्ड घेऊन चष्मा कपाळावर सरकवून ती पाहत बसायचे. आळीत कुजबुज सुरू झाली. आमच्या ह्यांचं म्हणणं, म्हातारा कापसाच्या वायद्यात पैसे लावतो. समोरच्या किराणावाल्याला खात्री होती की सर्वेवाल्यांना गावाची माहिती तेच पुरवतात. एकदा बीटचा हवालदारही सहज आल्यासारखं करून चहा पिऊन गेला. काकाजींनी त्याला चहा दिला आणि त्याची टोपी उलटी करून अस्तर पाहिलं.

माझा संशय वेगळा होता आणि तो मी कुणाजवळ बोलले नाही. एका दुपारी मी अंगणात तूर निवडत होते आणि खिडकीतून काकाजींचा आवाज आला.

"हो, घेतला."

मग जरा थांबून, "नाही व, फेकू नको. राहू दे."

मग, "बरं बरं. पाह्यतो."

माझा हात सुपातच थांबला. शब्दांचं काही नव्हतं. फोनवरही माणूस असं बोलतो. पण काकाजींचा फोन बैठकीत नाही, आतल्या खोलीत असतो, आणि हा आवाज... बाजार समितीत ज्या माणसाच्या आवाजाने बैल बिचकायचे, तो माणूस इतक्या हळू, इतक्या गोडीत बोलत होता. आणि 'व' म्हणत होता. आमच्याकडे 'व' बाईलाच म्हणतात.

घरात बाई आहे!

त्यानंतर मी जे केलं त्याला शेजारधर्म म्हणायचं की हेरगिरी, ते तुम्ही ठरवा. मी दारातल्या चपला पाहिल्या. काकाजींच्याच. दोरीवरची धुणी पाहिली. बनियन, पायजमा, आणि काकाजींचा उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा. दूधवाल्याला विचारलं, काकाजींकडे हल्ली दूध जास्त लागतं का? तो म्हणाला, "कमीच झालं, मॅडम." मी विनाकारण लोणच्याची वाटी घेऊन गेले, स्वयंपाकघरापर्यंत शिरले, ओट्यावर एकच ताट पालथं होतं. म्हणजे बाई फार हुशार असली पाहिजे. मी घरी आले तर भिंतीपलीकडून आवाज, "नाकासमोरच होतं व, खरंच."

आता माझ्याच्याने राहवेना. एकटा म्हातारा, स्वतःचं घर, आणि कोण कुठली बाई गोड बोलून शिरलेली. त्या वर्षांत कोण कुणाला कसं फसवेल याचा नेम नव्हता. मी संध्याला फोन केला. सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तू एकदा येऊन जा." तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "ते एकटे नाहीत असं वाटते मले." "शनिवारी येते," ती म्हणाली.

संध्या शनिवारी आली ती रिकामी मोठी बॅग घेऊनच. बापाचे कपडे भरायला. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आपण थोडं कमी सांगायला हवं होतं. पण आता माघार नव्हती. ती मलाही ओढत घेऊन गेली. काकाजी पडद्यासमोर बसलेले. लेकीला अचानक पाहून ते आधी खूश झाले, मग बॅग पाहून सावध झाले.

"बाबा, घरात कोण असतं?" संध्याने उभ्या उभ्याच विचारलं.

"मी असतो."

"आणखी कोण?"

"कोनी सांगतलं तुले?" असं म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कमी प्रतीच्या कापसाकडे पाहतात तसं पाहिलं. मी भिंतीवरच्या त्या घड्याळाकडे बघत राहिले.

"कुणी का सांगेना. तुम्ही कुणाशी तरी बोलता. मी तुम्हाला न्यायला आलेय. आज रात्रीच्या गाडीने. घराला कुलूप लावू. उठा."

काकाजी उठले नाहीत. त्यांनी डब्यावर हात ठेवला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "मी नाही येत," ते म्हणाले. मग घड्याळ पाहून एकदम घाईला आले. "थांब जराशी, लाइन जाऊन राह्यली. भारनियमनाचा टाइम झाला. हे बंद करू दे, नाही तं खराब होते." त्यांनी कीबोर्डवर काहीतरी दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. त्यात मराठीत लिहिलं होतं:

"निंगाले काय? दुपट्टा घेतला काय? उन्ह लय हाय."

"हो, घेतला," काकाजी म्हणाले. सवयीने. आणि मग आम्ही दोघी तिथे आहोत हे आठवून त्यांनी मान खाली घातली.

संध्या पडद्यापाशी गेली. तिने ती ओळ पुन्हा वाचली. "हे आई म्हणायची," ती म्हणाली. "तुम्ही केंद्रावर निघालात की. रोज."

मग काकाजींनी सांगितलं, तुटक तुटक. या लिनक्समध्ये यंत्र माणसाला जे जे विचारतं ते शब्द वेगळ्या फायलीत ठेवलेले असतात. ज्याला पाहिजे त्याने ते उघडावेत आणि आपल्या भाषेत लिहावेत, असंच त्या लोकांचं म्हणणं आहे. काकाजींनी इंग्रजी काढलं आणि हळूहळू एकेक लिहीत गेले. "कोनाच्या भाषेत लिहू मंग?" ते म्हणाले. "मले बोलाले कुठी येते? घरात बोलनारी तेच होती."

संध्याने स्टुल ओढलं. एकेक गोष्ट मुद्दाम करून पाहायला लागली. एखादी फाईल पुसायला गेलं की चौकट यायची: "फेकू काय हे? मंग मले विचारू नोका कुठी हाय म्हून." शोधून सापडली नाही की: "नाकासमोरच असन. नीट पाहा." चुकीचा पासवर्ड टाकला की: "कोन हाय? आवाज नाही ओळखू आला." आणि डबा जुना, त्यामुळे तो वारंवार अडखळायचा, तेव्हा: "दम धरा जरासा, दोनच हात हायेत मले." मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू आलं. कमलकाकूंची ही सगळी वाक्यं मी वर्षानुवर्षं त्या भिंतीवरून ऐकली होती. काकाजींची उत्तरं मात्र कधीच ऐकली नव्हती. काकू दिवसभर विचारायच्या आणि हा माणूस मान वर न करता निघून जायचा. आता काकू नव्हत्या, आणि तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता.

संध्या अचानक म्हणाली, "हे चुकलं. आई 'दम धरा' नव्हती म्हणत."

"दम धराच म्हने."

"नाही, बाबा. 'उड्या नोका मारू' म्हने. मी हजार वेळा ऐकलं." पुण्याची मराठी तिच्या तोंडून कधी गळून पडली ते तिलाही कळलं नसावं.

"ते तुले म्हने. मले दम धरा म्हने."

दोघांचं जुंपलं. तेवढ्यात लाइन गेली. पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि तरी त्यांचं भांडण काही थांबलं नाही. मी पदराने वारा घेत बसले. त्या उकाड्यात, बंद डब्यासमोर, बापलेकीने कमलकाकूंचं एकेक वाक्य काढलं, तपासलं, हे खरं आणि हे तुमच्या मनचं असं ठरवलं. रिकामी बॅग दाराशी पडली होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"एक राह्यलं हाय," काकाजी म्हणाले. "डब्यातली जागा भरत आली की तो सांगते. तिथं काय लिहावं? मले काही आठवून नाही राह्यलं." मग ते माझ्याकडे वळले. मघाचा राग ओसरला होता. "तुले काय म्हने ते, सुनंदा? तुले तं लय बोलावे."

मला काय म्हणत? मी शाळेच्या वह्या तपासत बसायची, गॅसवर दूध ठेवलेलं विसरायची, आणि भिंतीपलीकडे काकूंना वास आधी जायचा. मग तिकडून हाक. मी ती काकाजींना सांगितली, अगदी काकूंच्या चालीत: "सुनंदे, दूध उतू चाललं व माय, कुठी हायेस?"

काकाजींनी ते ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. "लाइन आली की टाकतो," ते म्हणाले.

संध्या दुसऱ्या दिवशी गेली. बॅग घेऊन गेली, पण तिच्यात बापाचे कपडे नव्हते. काकाजींनी त्या फायली सीडीवर उतरवून तिला दिल्या होत्या. "नक्कल काढली तं चालते," ते सांगत होते, "उलटं काढाच म्हनतात ते लोक." जन्मभर कुणाला सहजी काही न दिलेला माणूस जीप हलेपर्यंत ती सीडी कशी जपायची ते बजावत राहिला. जाताना संध्या मला म्हणाली, "वहिनी, लक्ष ठेवा." पण या वेळी ती फोन करा असं काही म्हणाली नाही.

आळीतले लोक अजून विचारतात, म्हातारा त्या डब्यात करतो तरी काय? किराणावाल्याचा संशय गेलेला नाही. मी कुणाला काही सांगत नाही. मीही आता संशयितांपैकीच आहे.

परवा दुपारची गोष्ट. मी वह्या तपासत बसले होते आणि भिंतीपलीकडून काकाजी पडद्यावरचं मोठ्याने वाचल्यासारखे ओरडले, "सुनंदे, दूध उतू चाललं व माय!"

मी वही टाकून धावले. गॅस बंद होता. ओट्यावर काही नव्हतं; भरत आली होती ती काकाजींच्या डब्यातली जागा. मी शेगडीपुढे तशीच उभी राहिले. मग मी खिडकीतून ओरडले.

"उतरवलं वो, काकू!"